इतिवृत्त

दाराच्या मुठीला अडकवलेलं गुळगुळीत पत्रक.
त्यावर रॉयस डेटमर, बाह्या दुमडलेल्या,
मागे पिवळी बस, पुढे सात हसरी मुलं.
"प्रत्येक मूल माझं." काँग्रेससाठी उभे आहेत.
सातांपैकी एकाचेही बूट ओले नाहीत.

माझे वडील करमाळ्याला तलाठी होते.
म्हणायचे, माणूस चावडीवर बोलतो ते ऐकून घ्यावं,
मान डोलवावी,
आणि घरी जायच्या आधी दप्तर उघडून बघावं.

श्रीरंग म्हणाला फोनवर, आई, पक्ष बघ आणि दे मत,
एवढा काय कीस पाडतेस.
मी मंगळवारची रजा टाकली.

झेन्सव्हिलच्या शाळा-मंडळाचं तळघर.
वांडा प्रुइट, चष्मा साखळीला लोंबणारा,
विचारते, कशासाठी हवंय?
मग स्वतःच, "विचारायचं नसतं मी. कायदा आहे तसा."
पानाला दहा सेंट. बाइंडर चार.
हीटर एक, तोही तिच्या पायाशी.

डेटमर इथे सहा वर्षं सदस्य होते.
कोण आलं, कोण उशिरा आलं,
ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं.
सगळी क्रियापदं भूतकाळी, विशेषण औषधालाही नाही.
मी वहीत उभी रेघ मारली: बाजूने, विरुद्ध.

ग्रंथपालाची जागा रद्द. डेटमर: होय.
फुटबॉल मैदानाला नवा गुणफलक. होय,
आणि वर चार ओळींचं भाषण.
बँडचे तास निम्मे. नाही. सातांत एकटेच नाही.
का, ते लिहिलेलं नाही.
घरात कुणी क्लॅरिनेट वाजवत असेल. नसेलही.
कागद एवढंच सांगतो की तो हात वर गेला नाही.

मग अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.
चौदा नंबरची बस बंद करण्याचा ठराव.
"एका पालकाने मार्ग चौदाबाबत मत मांडले.
नाव ऐकू आले नाही."

ती मी.

तीन मिनिटं देतात. गाडीत बसून, घड्याळ लावून,
कितीदा म्हणून पाहिलं होतं.
वैजयंती घैसास, असं सावकाश, दोनदा,
घ च्या आधी तर जरा थांबलेही.
साडेसहाचा अंधार सांगितला, कडेला पायवाट नसलेला रस्ता,
नववीतला पोरगा, ट्रकचे दिवे.
ते सगळं मिळून "मत".

त्याखाली एक ओळ.
"त्या घरापासून नवा थांबा किती दूर, असे श्री. डेटमर यांनी विचारले.
दीड मैल, असे उत्तर देण्यात आले."
ठराव एकमताने मंजूर.

त्यांनी विचारलेलं मला आठवतच नाही.
तेव्हा मी बहुधा कोट चढवत होते,
किंवा पर्समध्ये किल्ली शोधत.

आता हा प्रश्न कुठे लिहू?
सातबाऱ्यावर निदान इतर हक्कांचं एक सदर असतं.
विहिरीतला चौथा हिस्सा, कुणाची जुनी वाट,
कुठेच न बसणारं तिथे बसतं.
माझ्या वहीत दोनच रकाने.
न विचारता होय म्हणणारे सहा जण.
विचारून, ऐकून, मग होय म्हणणारा एक.
मी पेन्सिलीचं टोक रेघेवरच ठेवून
बराच वेळ बसले. हीटर टकटक करत राहिला.

एकतीस पानं. तीन डॉलर दहा सेंट.
वांडाने पावतीपुस्तक काढलं. नाव?
मी एकेक अक्षर सांगत गेले,
ती चष्मा चढवून, जीभ दातांत धरून लिहीत गेली.
एक एच राहिला.

मी पेन मागून घेतलं.